दाबल्यावर दुखत नाही

दादा स्वयंपाकघरातून पाण्याची बाटली घेऊन आला तेव्हा फरशीवर टिक् असा आवाज झाला. मग पाऊल पडल्याचा नेहमीचा मऊ आवाज, आणि पुन्हा टिक्. उजवा पाय टेकला की आवाज, डावा टेकला की नाही. रविवारची दुपार होती, मी दादाकडे आलो होतो. टीव्ही बंद होता. वहिनी भूगोल शिकवते, ती टेबलावर वाकून शाळेचा एक मोठा नकाशा थर्मोकोलवर टाचत होती. खोलीत दुसरा कसलाच आवाज नव्हता म्हणून मला तो ऐकू आला. आधी वाटलं चप्पल असेल, पण दादा घरात चप्पल घालत नाही. त्यानं बाटली माझ्यासमोर ठेवली, "पी, गार आहे," म्हणाला आणि परत जायला वळला. टिक्. टाच उचलली गेली तेव्हा तळव्यावर, टाचेच्या जरा पुढे, काहीतरी पिवळं चमकलं. ड्रॉइंग पिन होती. चपट्या पितळी डोक्याची, वहिनीच्या डबीतली. टोक अख्खं आत गेलेलं. तो त्या पिनेवर पंचाऐंशी किलो वजन टाकून चालत होता आणि चालता चालता काहीतरी गुणगुणत होता.

मला त्या वेळी आठवली ती माझ्याच अक्षरातली एक ओळ. नऊ आठवड्यांपूर्वी अपघात विभागात त्याच्या केसपेपरवर मी लिहिलं होतं: चार पावलं टाकली, दाबल्यावर दुखत नाही, एक्स-रेची गरज नाही. पिन बघितल्यापासून ही ओळ आठवेपर्यंत किती वेळ गेला असेल याचा मी नंतर अंदाज केला. अर्धा सेकंदही नसेल. म्हणजे ती ओळ मनात कुठेतरी वरच ठेवलेली होती, शोधावी लागली नाही.

"दादा, थांब. हलू नकोस."

"का रे? झुरळ?"

"पाय वर कर. उजवा."

तो दाराच्या चौकटीला धरून, नाल ठोकायला उभ्या केलेल्या घोड्यासारखा, पाय मागे वाकवून उभा राहिला. मी पिन ओढून काढली. थोडं रक्त आलं. ती माझ्या हातात बघून तो मोठ्यांदा हसला. "अगं ए, तुझ्या नकाशातला एक देश माझ्या पायात घुसला बघ." वहिनी हसली आणि माझ्या तोंडाकडे बघून थांबली. मी पाय सोडला नव्हता. पाय गरम होता. दुसरा हात मी त्याच्या डाव्या पायावर ठेवला, तो गार होता. तीन-चार अंशांचा फरक तळहाताला सहज कळतो. उजव्या पायाची कमान गेली होती. तळवा जिथं आत असायला हवा तिथं बाहेर आला होता, झुलत्या खुर्चीच्या पट्टीसारखा. आणि त्या फुगवट्याच्या बरोबर मधे शर्टाच्या बटणाएवढं एक भोक होतं. कडा करड्या, आत ओल. वास आला.

"हे कधीपासून?"

"काय हे?" दादा म्हणाला. त्याला खरंच माहीत नव्हतं. आपला तळवा आपल्याला दिसत नाही. पायात काय चाललंय हे दुखण्यावरूनच कळायचं, आणि ते बंद झालेलं होतं.

"सूज उतरत नाही, सूज उतरत नाही म्हणून मी किती दिवस सांगतेय," वहिनी म्हणाली. "परवापासून अंगही तापतंय. तुम्हालाही फोनवर सांगितलं होतं, भाऊजी. तुम्ही म्हणालात, राहते थोडे दिवस."

म्हणालो होतो. त्या फोनच्या वेळी मी ड्यूटीवर होतो, मानेत फोन धरून कुणाच्या तरी बोटाला पट्टी बांधत होतो, आणि दादाचं दुखणं हा विषय लवकर संपवावा असं मला वाटलं होतं.

आमच्या अपघात विभागात फरशीवर पिवळ्या टेपच्या दोन पट्ट्या आहेत. एक दोन नंबरच्या कॉटपाशी, दुसरी हात धुण्याच्या बेसिनपाशी. मधलं अंतर साधारण माणसाची चार पावलं. पट्ट्या प्लास्टरमामांनी चिकटवल्या. मामा तीस वर्षं शेजारच्या खोलीत प्लास्टरं घालताहेत, त्यांच्या नखांच्या कडा कायमच्या पांढऱ्या झाल्यात. नियम साधा आहे. पाय मुरगळून आलेल्या माणसाच्या ठरावीक चार जागी हाडावर दाबायचं. तिथं दुखलं तर एक्स-रे. चार पावलं टाकता आली नाहीत तरी एक्स-रे. दोन्ही नसेल तर पट्टी बांधायची आणि घरी पाठवायचं. नियम चांगला आहे, हजारो पेशंटवर तपासलेला आहे, मी त्याच्यावर विद्यार्थ्यांना प्रश्न विचारतो. पण एक्स-रेची रांग लांब असते, आणि आमच्याकडे तो नियम हळूहळू उलटा झाला. पेशंटला चार पावलं टाकता येतात का हे बघायचं, त्याऐवजी आम्ही त्याला चार पावलं टाकायला लावू लागलो. "उठा, उठा. बेसिनपर्यंत. अहो काही होत नाही. मघाशी सत्तरीच्या आजी गेल्या चालत." मी यात सगळ्यांत पटाईत होतो. मामा म्हणायचे, "डॉक्टरांच्या तावडीत सापडलं की टेबलाचा पायसुद्धा चालायला लागेल." मी हसायचो. मला ते आवडायचं. ओरडणारा माणूस आला की मी आधी त्याचा चेहरा बघायचो आणि मनातल्या मनात त्यातून पन्नास टक्के कमी करायचो. उरलेल्याचा इलाज करायचो. गप्प बसणाऱ्याचं मात्र मी कधी वाढवून धरलं नाही. हा हिशेब दोन्ही बाजूंनी चुकीचा आहे हे मला आकड्यांत सिद्ध करून दाखवता येईल.

दादाला मधुमेह झाला तेव्हा तो चौदा वर्षांचा होता आणि मी सात. इन्सुलिनचा मधुमेह, आयुष्यभराचा. त्या वर्षापासून आमचं घर त्याच्या सुईभोवती फिरायला लागलं. जेवणं त्याच्या सुईच्या वेळेला. गोड पदार्थ घरातून गेले ते माझ्यासाठीही गेले. मी जोरात दार लावलं तर आई म्हणायची, "हळू. त्याची साखर खाली गेलीये." साखर म्हणजे घरात झोपलेलं कुणीतरी म्हातारं माणूस असावं असं मला वाटायचं. दादा वाईट मुलगा नव्हता. हे टाळून पुढं जावंसं वाटतं, पण नव्हता. सायकलवर मागं बसवून मला शाळेत सोडायचा. फक्त त्यानं एक खेळ काढला होता. माझं मनगट पाठीमागं नेऊन पिळायचं आणि मोठ्यानं आकडे मोजायचे. "मला दिवसातून चारदा टोचतात. तू नुसता वीसपर्यंत थांब की." मधे रडलो तर पुन्हा एकपासून. मी वीसपर्यंत गेलो, चाळीसपर्यंत गेलो. एकदा साठ झाले तेव्हा त्याला कंटाळा आला आणि खेळ बंद पडला. त्याच्याआधी एकदा हाड गेलं होतं. लहान मुलांचं हाड कोवळ्या फांदीसारखं अर्धवट मोडतं, एका बाजूला तडकतं आणि दुसरीकडे वाकतं. मी तीन दिवस कुणाला सांगितलं नाही. चौथ्या दिवशी चमचा हातातून पडला तेव्हा आईनं बाही वर केली. दवाखान्यातला डॉक्टर म्हणाला, "शाबास, काय सहनशील मुलगा आहे." परत येताना रिक्षात आई म्हणाली, "बाबांना दादाचं नाव सांगू नकोस. त्याला आधीच काय कमी आहे का?" मी सांगितलं नाही. खिडकीतून बाहेर बघत बसलो, आणि प्लास्टर ओलं असताना गरम लागतं याचं नवल करत राहिलो. जिप्समचा तो गुण पुढं शाळेत शिकवला तेव्हा वर्गात मला एकट्यालाच तो आधी माहीत होता.

नऊ आठवड्यांपूर्वी तो आला तो सकाळी अकराच्या सुमाराला, कामावरच्या एका माणसाच्या खांद्यावर हात टाकून. दोघं हसत होते. दादा लिफ्ट दुरुस्त करतो. लिफ्टच्या खालच्या खड्ड्यात उतरताना शिडीच्या शेवटच्या दोन पायऱ्या चुकल्या आणि उजव्या पायावर आदळला. "ए बारक्या!" तो दारातूनच ओरडला. "हाच तो, हाच माझा भाऊ. साहेब झालाय बघा." सिस्टरनं रजिस्टरमधून मान वर केली. "बारक्या?" "घरातलं नाव हो त्याचं. तिसरीत जाईपर्यंत गादी ओली करायचा." सिस्टरनं पुन्हा रजिस्टरमध्ये तोंड घातलं, तिचे खांदे हलत होते. मामा तर उघड उघड हसले. मीही हसलो. म्हणालो, "झोप त्या कॉटवर. बूट काढ."

त्यानंतरची अकरा मिनिटं मी या दोन दिवसांत इतक्या वेळा तपासली आहेत की ती आता झिजलीत, आणि कुठला भाग घडलेला आणि कुठला मी घासून तयार केलेला हे सांगता येत नाही. पण काही गोष्टी नक्की आहेत. पावलाच्या वरच्या बाजूला सूज होती. मी चारही जागी दाबलं. "दुखतंय?" "नाही." "इथं?" "नाही रे." कमानीच्या वर आतल्या बाजूला नौकेच्या आकाराचं एक लहान हाड असतं. त्याच्यावर अंगठा ठेवल्यावर मी पुस्तकात लिहिलंय त्याच्यापेक्षा जास्त दाबलं. नख पांढरं पडेपर्यंत दाबलं. त्या वेळी मी पायाकडे बघत नव्हतो, त्याच्या तोंडाकडे बघत होतो. तो माझ्याकडे बघत होता आणि हसत होता. तितकं दाबल्यावर ताजी सूज असलेला कुठलाही माणूस, काही मोडलेलं असो वा नसो, निदान डोळे तरी बारीक करतो. त्यानं केले नाहीत. विद्यार्थ्यानं ही केस मला सांगितली असती तर मी तिथंच त्याला थांबवलं असतं. पण मला ते दिसलं ते असं, की हा अजून खेळतोय. अजून मलाच दाखवतोय. मी अंगठा काढला नाही. मनातल्या मनात वीसपर्यंत मोजले असतील.

मधुमेहाचा विचार आलाच नाही, असं मी स्वतःला सांगून बघितलं. जमलं नाही. आला होता. बावीस वर्षांचा मधुमेह म्हणजे पायाच्या नसा गेलेल्या असण्याची शक्यता निम्म्याहून जास्त, आणि पायाला कळत नसेल तर दाबण्याला आणि चार पावलांना काहीही अर्थ नाही. नियमाच्या खाली बारीक अक्षरांत हेच लिहिलेलं असतं. कपाटाच्या दुसऱ्या खणात नायलॉनचा एक धागा आहे. पेशंटला डोळे मिटायला सांगून तो तळव्याला टेकवायचा, कळलं की हो म्हणायला सांगायचं. दोन मिनिटांचं काम. मी त्या खणाकडे बघितलंसुद्धा. मग मला काय दिसलं ते सांगतो. मला दिसलं, की एक्स-रे निघाला आणि त्यात काही सापडलं तर दादा ट्रॉलीवर झोपणार, सिस्टर त्याच्या डोक्याखाली उशी ठेवणार, मामा विनोद करणार, वहिनी धावत येणार, आणि त्याचं दुखणं पुन्हा एकदा जागा व्यापून बसणार, या वेळी माझ्या विभागात, माझ्या ड्यूटीत. मी म्हणालो, "ऊठ. बेसिनपर्यंत चालून दाखव."

तो उठला आणि चालला. इतकं चांगलं कुणी चालत नाही. लंगडला नाही, भिंतीला हात लावला नाही, बेसिनपाशी जाऊन आरशात केस नीट केले आणि परत आला. "आठ झाली," तो म्हणाला. "अजून चालू?" सिस्टरनं टाळ्या वाजवल्या. त्याला कळ आली नाही याचं मला वाईट वाटलं. हे वाक्य मी बदलून बघितलं, 'आश्चर्य वाटलं' करून बघितलं, पण ते वाईटच होतं. मी पट्टी बांधली. मधुमेहाचा रकाना रिकामा ठेवून केसपेपर लिहिला. "काही झालेलं नाही तुला. लाडावून बसू नकोस. उद्यापासून रोज चाल, नाहीतर पाय आखडेल."

"साहेबांचा हुकूम," तो म्हणाला.

पिन काढली त्या रविवारी संध्याकाळी त्याचा एक्स-रे पडद्यावर आला तेव्हा मामा माझ्या मागं उभे होते. पावलाच्या मधली हाडं हाडांसारखी राहिली नव्हती. बिस्किटांचा पुडा खिशात घालून दिवसभर त्याच्यावर बसलं तर आत जसं होईल तसं दिसत होतं. मामांनी बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, "हे पडून नाही झालेलं, डॉक्टर. हे चालून झालंय." आणि प्लास्टरच्या खोलीत निघून गेले. तिथं त्या वेळी कुणी पेशंट नव्हता.

हाडांच्या विभागाच्या मॅडम सोमवारी सकाळी आल्या. मॅडम फार हळू बोलतात. त्यांनी पाय बघितला, जखमेत सळई घातली, ती हाडाला लागल्याचा बारीक आवाज मलाही ऐकू आला. दादा छताकडे बघत होता. मला बाहेर बोलावून त्यांनी जुना केसपेपर उघडला.

"हे अक्षर तुमचं?"

"हो."

"भाऊ ना तुमचा?"

"हो."

"मधुमेहाचा रकाना रिकामा आहे."

"घाईत राहिला, मॅडम."

"पायाला कळत नाही हे त्यांनी सांगितलं नव्हतं का?"

मी म्हणालो, "नाही. त्यानं सांगितलं नाही."

वाक्यात एकही शब्द खोटा नव्हता. त्यानं सांगितलं नव्हतंच, कारण मी विचारलं नव्हतं. मॅडमनी मान हलवली आणि कागदावर काहीतरी लिहिलं. लिहिताना म्हणाल्या, "त्या दिवशी प्लास्टर घालून पाय टेकू दिला नसता तर तीन-चार महिन्यांत सांधला असता. अजूनही कदाचित काही केलं असतं, पण जंतू टाचेच्या हाडात गेलेत, घोट्यापर्यंत. साखर पाचशेच्या वर आहे. उद्या सकाळी पहिलीच केस घेते. गुडघ्याखाली एक वीत राहील, म्हणजे कृत्रिम पाय चांगला बसेल." मग पेनाचं टोपण लावून माझ्याकडे बघितलं. "घरचा पेशंट आपण बघू नये, डॉक्टर. आपल्याला वाटतं, आपल्याला सगळं माहीत आहे." मी खाली बघितलं. त्यांनी ते दुःख समजून माझ्या दंडावर दोन बोटं टेकवली आणि गेल्या.

वहिनी वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसली होती. तिच्या बोटांना अजून नकाशाचा डिंक होता, ती तो सोलत होती. कापायचा निर्णय तिला मॅडमनीच सांगितला होता. ती रडली नव्हती. तिनं मला बसायला जागा केली नाही.

"भाऊजी, तुम्ही बघितला होता ना पाय? नीट?"

"तेव्हा ठीक होता, वहिनी."

"तेव्हा ठीक होता." तिनं ते माझ्यामागून म्हटलं, वर्गात चुकीचं उत्तर पुन्हा म्हणून दाखवतात तसं. "रोज सकाळी चाळीस मिनिटं चालायचा. इमारतीभोवती अकरा फेऱ्या. मी म्हणायचे, अरे सुजलाय पाय, आज राहू दे. तर म्हणे, बारक्यानं सांगितलंय. खालचा वॉचमन, समोरचे काका, जो भेटेल त्याला सांगायचा, भावानं सांगितलंय, भाऊ डॉक्टर आहे. तिसऱ्या आठवड्यात मी म्हटलं, दुसरीकडे दाखवू, एक फोटो काढून घेऊ. ऐकलं नाही."

"का?"

"बारक्याला वाईट वाटेल म्हणे." तिनं डिंकाचा एक पापुद्रा काढून बाकावर ठेवला. "तुम्हाला वाईट वाटलं असतं का हो, भाऊजी?"

मी म्हणालो, "काहीतरीच काय, वहिनी."

संध्याकाळी भेटीच्या वेळेत मी आत गेलो. त्याच्या नडगीवर निळ्या मार्करनं एक बाण काढलेला होता, कुठला पाय कापायचा ते चुकू नये म्हणून. पाय उशीवर ठेवलेला होता. ताप औषधांनी उतरला होता आणि दादाचा चेहरा मला ओळखीचा वाटेना. मग लक्षात आलं, की तो हसत नाहीये. मी त्याला न हसताना फारसा बघितलेला नव्हता. मला काय बोलायचं होतं ते मी दुपारपासून तयार केलं होतं. तीन वाक्यं होती. मला तुझा मधुमेह आठवला होता. मला तपासायचा कंटाळा आला नव्हता, मला तपासायचं नव्हतं. मला तुला दुखायला हवं होतं. जिन्यावर मी ती पुन्हा म्हणून बघितली होती आणि तिसरं वाक्य व्याकरणानं चुकल्यासारखं वाटलं म्हणून दुरुस्त करत होतो.

"बस," तो म्हणाला. "दार लाव. ती यायच्या आत तुला एक सांगायचंय."

मी स्टूल ओढलं.

"मला दोन वर्षं झाली पायाचं काही कळत नाही. कापसावर चालल्यासारखं वाटतं. गरम पाणी कळत नाही, खडा गेला तर कळत नाही. मी कुणाला बोललो नाही. तिलाही नाही. कळलं असतं तर शिडीवर चढू दिलं नसतं रे, ऑफिसात खुर्चीवर बसवलं असतं. मग मी काय, माणसांना वर-खाली जाताना बघत बसू?" तो थांबला. पाणी मागितलं. मी ग्लास धरला, त्यानं दोन घोट घेतले. "तू त्या दिवशी दाबत होतास ना, तेव्हा मला काहीसुद्धा लागत नव्हतं. तू दाबतोयस हे तुझ्या तोंडावरून कळत होतं. कपाळावर शीर आली होती तुझ्या. मनात म्हटलं, किती जीव लावून बघतोय हा. आणि मी सरळ तुझ्या तोंडावर खोटं बोललो. दुखत नाही, दुखत नाही. दुखत नाही हे खरं होतं, पण तुला जे कळायला हवं होतं ते मी दडवलं. तुला फसवलं मी."

माझ्या तीन वाक्यांपैकी पहिलं तोंडात होतं. जिभेवर त्याचा आकार जाणवत होता.

"मॅडमना मी सकाळीच सांगितलंय," तो म्हणाला. "म्हटलं, माझ्या भावाची काही चूक नाही, मीच लपवलं. तसं लिहून घ्या म्हटलं. तुझं नाव खराब व्हायला नको. एवढा शिकलास." त्याचे डोळे भरले. मी त्याला रडताना कधीच बघितलं नव्हतं. मला हे बघायला आवडतंय, हे मला रडणं सुरू झाल्यावर लगेच कळलं. "मला माफ कर, बारक्या."

हा शब्द त्याच्याकडून मी कधी ऐकला होता का, हे मी आठवून बघितलं. नव्हता. एकोणतीस वर्षांत नाही. तो आता माझ्यासमोर होता, अख्खा, भलत्याच गोष्टीसाठी मागितलेला, आणि मी तो परत करायला हवा होता. हे माझं नाही, असं सांगायला हवं होतं. बाहेर कुणीतरी ट्रॉली ढकलत नेत होतं, तिचं एक चाक कुरकुरत होतं.

मी म्हणालो, "जाऊ दे, दादा. झालं ते झालं."

"नाही, नीट म्हण. उद्या आत गेल्यावर काय होईल कुणाला माहीत."

"काही होत नाही."

"म्हण ना."

"केलं माफ," मी म्हणालो.

त्यानं माझा हात दोन्ही हातांत घेतला आणि डोळे मिटले. हळूहळू त्याचा श्वास सावकाश झाला. छातीवरचं ओझं काढलं की माणूस झोपतो तसा तो झोपला, तोंड थोडं उघडं ठेवून. आता त्याला उठवून सांगणं क्रूरपणा होईल, असा विचार मला आला, आणि तो विचार किती सोयीचा आहे हेही मला दिसलं. तरी मी तोच ठेवला.

वहिनी डबा घेऊन आली. दारातून तिनं आमचे हात बघितले. मी माझा सोडवून घेतला. हिसका बसून दादा अर्धवट जागा झाला, तिला बघून झोपेतच म्हणाला, "बारक्यानं मला माफ केलं गं," आणि पुन्हा झोपला.

ती माझ्याकडे बघत राहिली. ती काही विचारेल म्हणून मी थांबलो. विचारलं असतं तर कदाचित मी सांगितलं असतं, असं मला आज वाटतं, पण त्याला काही पुरावा नाही. तिनं विचारलं नाही. तिनं डब्याची झाकणं उघडली, एकेक कप्पा शेजारच्या टेबलावर मांडला आणि म्हणाली, "तो झोपलाय. तुम्ही खाऊन घ्या, भाऊजी. तुम्ही दमला असाल."

रविवारपासून मी काही खाल्लं नव्हतं. अन्न अजून गरम होतं. ती समोर उभी राहून बघत होती, आणि मी सगळं खाल्लं.